इंडियन ओपन स्नूकर (२०१३ ते २०१९): पाच स्पर्धा, पाच शहरं

कृष्णाकाठ (सांगली)

परवा गोडाऊन आवरत होतो. हळदीच्या रिकाम्या पोत्यांमागं पाच दगडी लाद्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, त्या ओढून बाहेर काढल्या आणि पुसल्या. काळपट करडा दगड, हाताला गार, कडेला अजून सांध्यातल्या मेणाची रेघ. बारा बाय सहाच्या स्नूकर टेबलाच्या पोटात ह्या पाच लाद्या असतात. वरचं हिरवं कापड, लाकडी चौकट, रबराच्या कडा, सगळं ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेलं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढलं होतं, मारुती चौकाकडची तळमजल्यावरची दुकानं कशी राहणार? दगड तेवढा राहिला.

टेबल माझ्या काकांच्या पार्लरमधलं. दोन टेबलं, एक काउंटर, भिंतीला क्यूंचा (खेळायच्या काठ्यांचा) रॅक आणि मार्कर म्हणून मामा. मामा कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण अख्खं गाव त्यांना मामाच म्हणायचं. स्कोअर लावणं, चेंडू मांडणं, कापडाला ब्रश मारणं, क्यूची टिप बदलणं ही सगळी कामं त्यांची. मी स्नूकर शिकलो तो त्यांच्याकडून.

लाद्या पुसताना लक्षात आलं की पार्लर बंद पडलं त्याच वर्षी इंडियन ओपनही शेवटची झाली. आपल्या देशात भरलेली ही व्यावसायिक रँकिंग स्पर्धा. तिचं काय झालं ते सलग लिहून काढावं असं वाटलं. भर घाला.

सुरुवात जरा लांबून करतो. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं ब्लॅक पूल आणि पिरॅमिड्स ह्या दोन खेळांची सांगड घातली आणि त्यातून स्नूकर निघालं, असं बहुतेक सगळीकडं मानतात. लष्करी शाळेतल्या नवख्या पोराला तेव्हा ‘स्नूकर’ म्हणायचे. सोपा चेंडू हुकलेल्या एका खेळाडूला त्यानं तसं चिडवलं आणि खेळाला नाव चिकटलं. पुढं उटीच्या क्लबात नियम लिहून लागले. (हा चेंबरलेन म्हणजे नंतरचा ब्रिटिश पंतप्रधान नव्हे, तो वेगळा.) म्हणजे खेळ जन्मला आपल्याकडं, वाढला विलायतेत, आणि व्यावसायिक रँकिंग स्पर्धा होऊन परत आला २०१३ साली. मध्ये १३८ वर्षं गेली.

रँकिंग स्पर्धा म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जगातले व्यावसायिक खेळाडू वर्षभर वेगवेगळ्या देशांत खेळतात. तिथं मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेवरून त्यांचा क्रमांक ठरतो. त्या मोजणीत जी स्पर्धा धरतात ती रँकिंग स्पर्धा. बाकीच्या कितीही मोठ्या असल्या तरी त्या मोजणीबाहेर.

दिल्ली, ऑक्टोबर २०१३. पहिली स्पर्धा. विजेत्याला ५०,००० पौंड, तेव्हाच्या भावानं साधारण पन्नास लाख रुपये. उपांत्य फेरीपर्यंत सात फ्रेमचे (म्हणजे डावांचे) सामने (चार जिंकल्या की झालं), अंतिम सामना नऊचा. आणि पहिल्याच वर्षी मुंबईचा आदित्य मेहता अंतिम सामन्यात! रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय. उपांत्य सामन्यात त्यानं स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला ४-३ नं हरवलं होतं. समोर चीनचा डिंग जुनहुई. त्या मोसमात डिंगला कुणी धरू शकत नव्हतं. शांघाय मास्टर्स, इंडियन ओपन, इंटरनॅशनल चॅम्पियनशिप अशा लागोपाठ तीन त्यानं घेतल्या, आणि मोसम संपेपर्यंत रँकिंगच्या पाच.

ती फायनल आम्ही काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बघितली. एरवी टेबल रिकामं दिसलं की पोरं वेळ वाया घालवत नाहीत, पण त्या संध्याकाळी दोन्ही टेबलांवरचे दिवे बंद होते. पंधरा-वीस जण काउंटरला दाटीवाटीनं उभे. चित्र अडकायचं, पुन्हा सुरू व्हायचं, तोवर डिंगचे अजून तीन चेंडू पडलेले असायचे. ५-०. कुणी काही बोललं नाही. मामांनी फक्त दिव्याचं बटण दाबलं आणि म्हणाले, “पोरगं दमलंय रे. आधीच्या मॅचला सातव्या फ्रेमपर्यंत झुंजलंय. चला, कुणाचा नंबर?”

मुंबई, मार्च २०१५. ही खरं तर ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हायची होती. नेमक्या त्याच आठवड्यात महाराष्ट्र विधानसभेचं मतदान आलं (१५ ऑक्टोबर), म्हणून पुढं ढकलली. वेल्सच्या मायकल व्हाइटनं रिकी वॉल्डनला ५-० नं हरवून आपलं पहिलं रँकिंग विजेतेपद घेतलं, वय २३. ह्या स्पर्धेला मी आणि मामा गेलो होतो. त्याबद्दल खाली लिहितो.

हैदराबाद, जुलै २०१६. अँथनी मॅगिलनं कायरन विल्सनला ५-२ नं हरवलं. मॅगिलचंही ते पहिलंच. हाच कायरन विल्सन पुढं २०२४ ला विश्वविजेता झाला.

विशाखापट्टणम, सप्टेंबर २०१७. दोन्ही फायनलिस्ट स्कॉटलंडचे. जॉन हिगिन्सनं मॅगिलला ५-१ नं हरवलं.

२०१८ साली स्पर्धाच झाली नाही.

कोची, फेब्रुवारी-मार्च २०१९. इंग्लंडचा मॅथ्यू सेल्ट, वय ३३, इतकी वर्षं व्यावसायिक खेळून पहिल्यांदा रँकिंग स्पर्धा जिंकला. समोर चीनचा २१ वर्षांचा लू हाओतियान, ५-३. त्यानंतर इंडियन ओपन भरली नाही.

आता मुंबईचं. रात्री महालक्ष्मी पकडली, सकाळी दादरला उतरलो, लोकलनं सांताक्रूझ, तिथून रिक्षानं हॉटेल. मामांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. काचेच्या दारात बॅग तपासताना ते इतके अवघडले की मागं फिरतात की काय असं मला वाटलं. आत गेल्यावर मात्र वेगळेच झाले. मी खेळाडू बघत होतो, ते टेबल बघत होते. एका खेळाडूनं पांढरा चेंडू पुसायला सांगितला. पंचांनी आधी चेंडूला लागून खूण ठेवली, मग हातमोज्यातल्या दोन बोटांनी तो उचलला, पुसला, होता तिथंच ठेवला आणि खूण काढली. मामा माझ्या कानाशी आले, “बघितलंस? केसभर हलला नाही.” सत्र संपल्यावर सगळे चहाला उठले. हे खुर्चीतून हलले नाहीत, कारण दोघं जण टेबलाला ब्रश मारायला आले होते. कापडाला लव असते. बल्ककडून (जिथून खेळ सुरू करतात त्या टोकाकडून) काळ्या चेंडूच्या टोकाकडं, एकाच दिशेनं हात मारायचा, उलटा कधीच नाही. मग त्याच दिशेनं इस्त्री. मामा बघत राहिले आणि म्हणाले, “आपण बरोबरच करत होतो.” गेली सतरा वर्षं ते तसाच ब्रश मारत होते आणि बरोबर आहे का हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाच स्पर्धा, पाच शहरं, आणि पाचही वेळा मोठं हॉटेल नाहीतर त्याला जोडलेलं कन्व्हेन्शन सेंटर. एकाही शहरात दुसऱ्यांदा आली नाही. मुंबईच्या पोरानं “पुढच्या वर्षी मी पण बघायला येणार” म्हणावं, तर पुढची हैदराबादला. स्पर्धेला गाव लागतं. हिला कधी गावच मिळालं नाही.

---

मिरज जंक्शन

लई दिवसांनी असलं काय वाचलं. ते पार्लर माझ्या पायाखालचं आहे. मिरजेहून शटलनं यायचो, खिशात एका तासाचे पैसे, आणि हरणाऱ्यानं टेबलाचं बिल भरायचं ह्या बोलीवर खेळायचो. मामा आमच्याकडून चॉक परत मोजून घ्यायचे.

थोडी भर घालतो. व्यावसायिक स्पर्धा उशिरा आली, पण हौशी स्पर्धा आपल्याकडं लवकर होत्या. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. कुठल्याही खेळातले भारताचे ते पहिले वैयक्तिक विश्वविजेते. १९६४ ला पुन्हा जिंकले. स्नूकरची पहिली हौशी जागतिक स्पर्धा १९६३ साली कोलकात्यातच झाली. १९८४ ला डब्लिनमध्ये ओम अगरवाल हौशी स्नूकरचे विश्वविजेते झाले. मुंबईचे यासिन मर्चंट व्यावसायिक सर्किटवर खेळून आले. तेव्हा पाया नव्हता असं कुणी म्हणू नये.

---

पुण्यात सांगलीकर

कृष्णाकाठ, धागा मनापासून आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. स्पर्धा गावामुळं नाही, पैशामुळं बंद पडते.

हिशोब करा. नुसती बक्षिसाचीच रक्कम एकूण तीन लाख पौंडांच्या आसपास. त्यावर शंभरेक खेळाडू-पंच-तंत्रज्ञांचा मुक्काम, टेबलं, प्रक्षेपण. तिकीट विकून ह्यातला कोपराही भरत नाही, प्रायोजक लागतो. प्रायोजक विचारणार, टीव्हीवर किती जण बघतात? क्रिकेटच्या देशात त्याला काय उत्तर देणार? मग ज्या राज्यात, ज्या शहरात कुणी हात पुढं करेल तिथं जायचं. शहर बदलत गेलं ते कुणाला फिरायची हौस होती म्हणून नाही.

दुसरं म्हणजे सरकारी पाठबळ. क्यू स्पोर्ट्स (स्नूकर, बिलियर्ड्स वगैरे) आशियाई स्पर्धांत १९९८ पासून २०१० पर्यंत होते. ग्वांगझूला २०१० साली पंकज अडवाणीनं बिलियर्ड्सचं सुवर्ण आणलं, आदित्य मेहतानं स्नूकरमध्ये पदक आणलं. २०१४ च्या इंचॉनपासून खेळच वगळला. पदकांच्या यादीत नाव नसलं की नोकरीतला कोटा, प्रवासखर्च, शिबिरं, सगळं आटत जातं. इंडियन ओपन सुरू झाली ती नेमकी ह्या काळात.

आणि तिसरं. पंकज २०१२ ला व्यावसायिक झाला, २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि २०१४ ला व्यावसायिक टूर सोडून बिलियर्ड्सकडं परत आला. त्याचा निर्णय त्याच्या जागी बरोबरच होता, त्यानंतर त्यानं विश्वविजेतेपदांची रास लावली. पण इंडियन ओपनच्या पोस्टरवर जो चेहरा हवा होता तोच टूरवर राहिला नाही. मेहतानं २०१४ ला जर्मनीतल्या पॉल हंटर क्लासिकमध्ये १४७ चा ब्रेक (एका पाळीतले जास्तीत जास्त गुण) मारला, व्यावसायिक सामन्यात असा ब्रेक मारणारा पहिला भारतीय. आपल्याकडच्या किती जणांना ते कळलं?

---

कृष्णाकाठ

पैशाचं म्हणणं मान्य. तीन लाख पौंड कृष्णेच्या घाटावर सापडत नाहीत.

पण पैसा येतो कशाच्या मागं? आपल्या सांगलीचंच घ्या. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धा सुरू केल्या, आणि त्या दरसाल इथंच भरत राहिल्या. बुद्धिबळाला तरी टीव्हीवर कोण बघत होतं? सतरंजी, टेबलं, घड्याळं, बाहेरगावच्या पोरांची जेवायची-राहायची सोय. पण मे महिना आला की सांगलीला बुद्धिबळ आहे हे देशभरच्या खेळाडूंना पाठ झालं. भाग्यश्री साठे (आताच्या ठिपसे) आणि स्वाती घाटे ह्या पोरी इथूनच वर गेल्या. जवळच्या पोरीला स्पर्धा बघायला मिळते, पुढच्या वर्षी ती शेवटच्या पटावर बसते, त्याच्या पुढच्या वर्षी मधल्या. एक वर्ष इथं आणि दुसरं वर्ष हजार किलोमीटरवर, असं असतं तर हे झालं नसतं.

कुंडलचं कुस्ती मैदान बघा. कुस्तीशौकिनाला त्याची जाहिरात लागते का? पावलं आपोआप तिकडं वळतात.

जागतिक स्नूकर स्पर्धाही १९७७ पासून शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरात भरते. हजाराच्या आत खुर्च्या आहेत. त्याहून मोठी सभागृहं जगात पडलीयेत, जास्त पैसे देणारीही आहेत. तरी जो पोरगा क्यू हातात धरतो तो ‘क्रूसिबलला खेळायचंय’ असंच म्हणतो. आमच्या पार्लरमध्येसुद्धा म्हणायचे, आणि त्यातल्या एकाकडंही पासपोर्ट नव्हता.

---

द्राक्षबाग (तासगाव)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते.

मी सांगलीला कॉलेजला होते तेव्हा चुलतभावाबरोबर त्या पार्लरला यायचे. भावाबरोबर होते म्हणून दारातून आत येता आलं. एकटी आले असते तर त्याच दिवशी घरी निरोप गेला असता. स्नूकर पार्लर म्हणजे टवाळ पोरांचा अड्डा, सिगारेटचा धूर, पैशाची पैज, हीच ओळख होती, आणि काही ठिकाणी ती खरीही होती. मामांनी मात्र पहिल्याच दिवशी एक क्यू माझ्या उंचीचा म्हणून बाजूला काढून ठेवला. मी खेळत असले की त्या टेबलाभोवती कुणी शिवी दिली तर ते एक शब्दही न बोलता त्या टेबलाचा दिवा बंद करायचे. पोरं आपोआप सुधारली.

विद्या पिल्लई २०१७ साली महिलांच्या जागतिक स्पर्धेच्या फायनलला पोचली, सिंगापूरला, आणि हाँगकाँगच्या एन्ग ऑन-यीकडून ५-६ नं हरली. अकराव्या, म्हणजे शेवटच्या फ्रेममध्ये! मी तेव्हा दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन फोनवर स्कोअर बघत होते. स्कोअर म्हणजे फक्त आकडे बदलतात, चित्र नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्याची अरांचा सांचिस आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळते हेही मला कुणी सांगितलं नव्हतं, पेपरातल्या चार ओळींत कळलं.

तुम्ही दोघं पैसा आणि गाव म्हणताय. मी म्हणेन, उजेडात असलेली जागा हवी. बुद्धिबळाच्या स्पर्धेला आईवडील मुलीला स्वतः आणून सोडतात, बाहेर डबा घेऊन बसतात. स्नूकरला आमच्याकडं तशी जागाच कधी नव्हती. एका टोकाला गल्लीतलं पार्लर, दुसऱ्या टोकाला पंचतारांकित हॉटेल किंवा मोठ्या शहरातला जिमखाना. मधली पायरीच नाही. दिल्ली-मुंबईची स्पर्धा टिकली असती तरी तासगावची मुलगी तिथवर कुठल्या वाटेनं पोचणार होती?

---

क्यू आणि कापड (कोल्हापूर)

मी टेबलं बसवायचं काम करतो, पंचवीस वर्षं झाली. सांगली-सातारा-कराड पट्ट्यात माझ्या हातची बरीच टेबलं आहेत. शहर बदललं की काय होतं ते माझ्या बाजूनं सांगतो.

स्नूकरचं टेबल म्हणजे कॅरम नव्हे की उचललं आणि ठेवलं. पाच स्लेट (त्या दगडी लाद्या), एकेकीला चार-पाच माणसं लागतात. आधी चौकट उभी करून पाण्याच्या पातळीत आणायची. मग स्लेट शेजारी शेजारी बसवून त्यांचे सांधे जुळवायचे, फटीत मेण भरायचं, नख फिरवून बघायचं. नखाला सांधा लागला तर चेंडूलाही लागणार. मग कापड ताणायचं. लोकरीचं कापड, ताण कमी पडला तर चेंडू हळू पळतो, जास्त झाला तर पॉकेटच्या तोंडाशी फाटतं. मग कडा. एवढं झाल्यावरही टेबल एक-दोन दिवस बसू द्यावं लागतं, चौकट वजनानं किंचित खचते, पुन्हा पातळी घ्यायची.

व्यावसायिक टेबलाच्या स्लेटखाली हीटर असतात. दगड कोमट राहिला की कापडात ओल धरत नाही आणि चेंडू सारख्या वेगानं पळतो. आता विचार करा, विशाखापट्टणम आणि कोची, दोन्ही समुद्राकाठची शहरं. हॉलला एसी असतो, पण दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत. ओल धरली की कापड जड होतं, कडांचा उसळा बदलतो, आणि चेंडू चेंडूला लागताना मध्येच उडी मारल्यासारखं होतं, त्याला किक म्हणतात. ज्याला चेंडू मिलिमीटरवर थांबवायचाय त्याच्यासाठी हे सगळं नवीन. दरवेळी नव्या हॉलमध्ये, नव्या हवेत, नव्या जमिनीवर टेबलं उभी करायची. एकाच जागी दरसाल भरली असती तर तिथल्या माणसांना त्या हॉलची खोड कळली असती, आणि एक-दोन स्थानिक पोरं हे काम शिकली असती. मी तरी गेलो असतो शिकायला, स्वतःच्या खर्चानं.

त्या पुरानंतर सांगलीत चार टेबलं बघायला मला बोलावलं होतं. लाकूड फुगून पाकळ्यांसारखं उमललेलं होतं, पॉकेटच्या जाळीत गाळ. चेंडू मात्र धुतल्यावर नवे. फेनोलिक रेझिनचे असतात, त्यांना पाण्याचं काही नसतं. दगडाचंही तसंच. मालक म्हणाला, भंगारात काढतो. मी म्हटलं, दगड काढू नका.

---

मिरज जंक्शन

दगड काढू नका म्हणणारे ते तुम्हीच होय? काकांनी सांगितलं होतं, कोल्हापूरचा एक मेस्त्री सांगून गेला म्हणून ठेवलेत.

---

पुण्यात सांगलीकर

कृष्णाकाठ, दोन दिवस विचार केला. चीनचं उदाहरण मी माझ्या बाजूनं द्यायला बसलो होतो आणि ते तुमच्या बाजूला जातंय.

२००५ ची चायना ओपन, बीजिंग. नुकताच अठरा वर्षांचा झालेला डिंग जुनहुई फायनलला स्टीफन हेंड्रीला ९-५ नं हरवतो. तिथून चीनमध्ये स्नूकरची लाट आली. मी लिहिणार होतो की आपला मेहता दिल्लीत जिंकला असता तर आपल्याकडंही तसंच झालं असतं, म्हणजे सगळा फरक एका सामन्याचा. पण मग बघितलं, बीजिंगची ती स्पर्धा २००५ नंतर २०१९ पर्यंत दरवर्षी बीजिंगमध्येच होत राहिली. शांघाय मास्टर्सही २००७ पासून शांघायलाच. डिंगला बघून ज्या पोरांनी क्यू धरला त्यांना पुढच्या वर्षी त्याच दारातून आत जाता आलं. मेहता जिंकला असता तरी पुढची स्पर्धा सतरा महिन्यांनी, चौदाशे किलोमीटरवर होती.

पात्रता फेऱ्यांचंही लिहायचं राहिलं. इंडियन ओपनच्या पात्रता फेऱ्या इंग्लंडात व्हायच्या. टूरवरचे खेळाडू तिथं खेळून, जिंकून मग भारतात यायचे. आपल्या स्थानिक खेळाडूंपैकी काहींना वाइल्डकार्ड (आयोजकांकडून मिळणारा खास प्रवेश) मिळायचं तेवढंच. म्हणजे स्पर्धेचा निम्मा भाग भारतात नव्हताच. द्राक्षबाग ताई मधली पायरी म्हणतात ती इथंही नव्हती.

पैशाचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण पैसा शहराला बांधून घालता आला असता. पाच वर्षांचा करार, एक शहर. मुंबईला सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) विल्सन जोन्स हॉलमध्ये स्नूकर क्लासिक भरते तशी. ती रँकिंग स्पर्धा नाही, पण जागा ठरलेली आहे आणि देशभरचे खेळाडू येतात. मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ ला क्यू स्कूल (टूरवर जागा मिळवायची पात्रता स्पर्धा) पार करून टूरवर गेला आणि २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला. इंडियन ओपन आज असती तर त्याला घरच्या लोकांसमोर खेळता आलं असतं. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

द्राक्षबाग (तासगाव)

ईशप्रीतचे सामने मुलीबरोबर बघते. ती आता दहा वर्षांची आहे. लाल पडला की रंगीत, मग पुन्हा लाल, एवढं तिला कळतं. परवा विचारत होती, आई हे टेबल आपल्याकडं कुठं आहे?

---

वाळवा तालुका

मी आजवर इथं नुसता वाचायचो, आज पहिल्यांदा लिहितोय.

इस्लामपुरात आमच्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा आहे. खाली पोरं-पोरी सकाळ-संध्याकाळ व्यायामाला येतात, आईवडील बाहेर कट्ट्यावर बसतात. उजेड भरपूर. गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या पार्लरकडून आम्ही टेबल घेतलं. चौकट सागवानी, उत्तम आहे. पण आणताना टेम्पोत दोन स्लेट तडकल्या. नव्या मागवायच्या तर भाव ऐकून गप्प बसलो. टेबल वर्षभर ताडपत्रीखाली आहे.

कृष्णाकाठ दादा, तुमच्या त्या पाच लाद्यांचं काही ठरलंय का? पैसे आम्ही देऊ. माप जुळेल का ते तेवढं बघायचं. आणि वरच्या मजल्याचा स्लॅब वजन घेईल का, हे क्यू आणि कापड यांनी सांगितलं तर बरं होईल.

---

क्यू आणि कापड (कोल्हापूर)

पूर्ण टेबलाचं वजन टनाच्या पुढं जातं. आठ पायांवर वाटलं जातं, तरी स्लॅब इंजिनिअरला दाखवल्याशिवाय चढवू नका. तुळया कुठून जातात ते बघून टेबल आडवं घ्यायचं की उभं, ते ठरवू. दोनच बदलण्यापेक्षा पाचही एकाच टेबलाच्या वापरा, सांधे जुळलेले असतात. जाडी, लांबी आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा. भोकं नाही जुळली तर नवी पाडता येतील. मी येतो.

---

कृष्णाकाठ (सांगली)

आज सकाळी मोजल्या. पाचही सारख्याच, जाडी ४५ मिलिमीटर. मधल्या लादीच्या पॉकेटशेजारच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, साधारण करंगळीच्या नखाएवढा. तो कडेच्या रबराखाली झाकला जाईल असं वाटतं, फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय. भोकांची मापंही त्यातच आहेत. मागच्या बाजूला खडूनं १ ते ५ आकडे घातलेले होते, ते पुरात गेले. पण क्रम मामांना पाठ आहे.

काकांशी बोललो. पैसे नको म्हणाले. फक्त तासगावची मुलगी आली तर तिच्याकडून टेबलाचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढं कळवायला सांगितलंय.

मामा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, हरिपूर रस्त्याला मुलाकडं राहतात. संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन आलो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ब्रश कुठला आहे त्यांच्याकडं?” मी म्हटलं, माहीत नाही. आत जाऊन त्यांनी कपाटातून त्यांचा जुना ब्रश काढून आणला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पुराच्या वेळी गल्ल्यातलं काही न घेता हा तेवढा घेऊन निघाले होते, हे मला आज कळलं.

रविवारी सकाळी आठ वाजता गोडाऊनवर या. छोटा हत्ती नको, मोठा टेम्पो आणा, आणि सहा माणसं. लाद्या आडव्या ठेवायच्या नाहीत, उभ्या, मध्ये पोती घालून. पोती इथं भरपूर आहेत.